चार्जर लावा, घरपट्टीत सूट मिळवा : पालिकांना हे सुचतं तरी का?

खाडीकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या नगरपंचायतीत एक ठराव येऊ घातलाय अशी कुणकुण आहे. घराच्या आवारात विजेच्या गाडीसाठी चार्जर बसवला तर घरपट्टीत पाच टक्के सूट. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्यापासून नळाला पाणी यायचं नाही.

सूट चांगली की वाईट हा माझा प्रश्नच नाही. घंटागाडी दिवसाआड येते, ती पण हॉर्न न वाजवता पळून जाते. स्मशानाकडचा रस्ता तीन पावसाळे तसाच आहे. अशा ठिकाणी कुणालातरी उठून विजेच्या गाडीला करसवलत द्यावीशी का वाटते? दिल्लीत समजू शकतो, तिथे श्वास घ्यायची पंचाईत. आमच्याकडे खाडीवरून वारा सुटला की कपडे दोरीवर राहत नाहीत. प्रदूषण कसलं घालवताय?

विषय निघायचं कारणही सांगतो. दोन खोल्या पर्यटकांना देतो. दिवाळीनंतर पुण्याचं एक कुटुंब विजेची गाडी घेऊन आलं. "काका, रात्रभर लावून ठेवतो, विजेचे पैसे देतो." दिली खिडकीतून वायर सोडून. रात्री दोनच्या सुमारास बायकोने उठवलं, कसलातरी वास येतोय म्हणून. जाऊन बघतो तर सॉकेटची पांढरी प्लेट तपकिरी होऊन तळलेल्या पापडासारखी फुगलेली, पिन आत चिकटून बसलेली. मेन स्विच बंद करून पकडीने ओढून काढली. सकाळी त्यांना ४० टक्के चार्जिंगवर रत्नागिरीकडे रवाना केलं आणि पैसे काही घेतले नाहीत, लाज वाटली.

म्हणजे चार्जर मला लावायचाच आहे. पण घरपट्टी येते २,८६० रुपये. तिचे पाच टक्के १४३. एवढ्यासाठी ठराव?

निवृत्त वसुली लिपिक

१४३ सुद्धा मिळणार नाहीत. दुसऱ्या एका नगरपरिषदेच्या कर विभागात हयात गेली माझी, म्हणून सांगतो. बिल नीट वाचा. मालमत्ता कर वेगळा, वृक्ष कर वेगळा, शिक्षण कर वेगळा. शिक्षण कर राज्य सरकारचा, पालिका फक्त गोळा करून पुढे पाठवते. बिगरनिवासी असेल तर रोजगार हमी कर लागतो, तोही राज्याचा. दुसऱ्याच्या पैशावर सभागृहाला सूट देता येत नाही. उरलेल्या रकमेवर पाच टक्के धरा, नव्वद-पंच्याण्णव रुपये हातात.

बाय द वे, त्या दोन खोल्या बिगरनिवासी नोंदवल्या आहेत ना?

खाडीकाठचा

काका, खोल्यांचा विषय नको. चार्जरवर बोला.

पेण ते पणजी

मुळात कोण काय माफ करतंय ते वेगळं काढूया, नाहीतर सगळी भेळ होते.

जीएसटी केंद्र आणि राज्य मिळून ठरवतात. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाडीवर तो १२ वरून ५ टक्के झाला, चार्जरवर १८ वरून ५. गाडी नोंदवताना जो एकरकमी मोटार वाहन कर भरतो तो राज्याचा. पेट्रोल कारला महाराष्ट्रात किमतीप्रमाणे ११, १२, १३ टक्के. १०० ते २९९ सीसीच्या दुचाकीला ११ टक्के. विजेच्या गाडीला राज्याने तो माफ केला, २०२१ च्या धोरणात आणि पुन्हा २०२५ च्या धोरणात, जे ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. नोंदणी शुल्काची माफी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये देऊन टाकली.

मग पालिकेच्या हातात राहिलं काय? घरपट्टी, पार्किंगची पावती आणि जागा. संपलं. २०२१ च्या राज्य धोरणातच लिहिलं होतं की घराच्या आवारात खाजगी चार्जर बसवणाऱ्यांना नागरी स्थानिक संस्थांनी मालमत्ता करात सूट द्यावी. म्हणजे तुमच्या नगरसेवकांना रात्री झोपेत सुचलेलं नाही. वरून आलेला कागद फायलीतून वर आलाय, इतकंच.

कुडाळचो रिक्षावालो

ह्या सगळा खरा, पण आमका कोण इचारता? पेट्रोल शंभराच्या वर गेला तेवा कोणी माफी दिल्यान नाय. आता विजेच्या रिक्षेक परमिट लागणा नाय, २०१८ पासून. माझ्या परमिटाची किंमत काय रवली मगे? स्टँडार माझ्यामागे आज तीन हिरवे नंबर लागले हत. दोष तेंका देणय नाय, तेंचीव पोटा हत. पण सूट देताना कोणाच्या ताटातला काढून देतास ता तरी बघा.

अबोली

रिक्षावाले दादा, पटलं. "सूट" या शब्दात "कोणाला" हे लपून जातं.

माझी गोष्ट उलट बाजूची. जिल्हा परिषद शाळेत शिकवते, घरापासून १४ किलोमीटर, त्यात दोन चढ. मे २०२३ मध्ये विजेची स्कूटर घेतली. तीच वेळ का, तर १ जूनपासून केंद्राचं अनुदान बॅटरीच्या किलोवॅट-तासामागे १५ हजारांवरून १० हजारांवर येणार होतं. शेवटच्या आठवड्यात शोरूमबाहेर गणपतीच्या आदल्या दिवशी बाजारात असते तशी गर्दी. त्या एका महिन्यात देशभर लाखाच्या वर विजेच्या दुचाकी नोंदवल्या गेल्या आणि जूनमध्ये आकडा निम्म्याच्या आसपास आला. म्हणजे लोक सवलत बघूनच घेतात, पर्यावरण बिर्यावरण नंतर.

पण एक गंमत सांगते. मला कोणीही "तुमचा इतका कर माफ झाला" असं सांगितलं नाही. ऑन रोड किंमत सांगितली, मी वहीत पेट्रोलच्या स्कूटरशेजारी लिहिली. लाखाच्या गाडीवर ११ हजारांचा फरक मला दिसला, पण तो राज्याने सोडलेला कर आहे हे आज इथे वाचून कळलं. सरकारने एवढं पदरचं सोडायचं आणि ज्याला मिळालं त्याला पत्ताच नाही!

खाडीकाठचा

म्हणूनच तर विचारतोय. कर सोडला की तिजोरी हलकी होते. आधीच नगरपंचायतीकडे पगाराला पैसे नसतात म्हणे. मग सोडतात का?

निवृत्त वसुली लिपिक

आता मुद्द्याला आलात. आतून बघितलंय म्हणून सांगतो.

एक, खर्च जवळजवळ शून्य. हद्दीत समजा चार हजार मालमत्ता. चार्जर लावणारे पहिल्या वर्षी किती? वीस म्हणा. प्रत्येकी शंभर रुपये धरले तर दोन हजार. ठरावाच्या सभेला चहा-वडापाव याहून जास्त लागतो. बातमीत मात्र "पर्यावरणपूरक निर्णय", फोटोसकट.

दोन, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. अशा सवलतीला बहुतेक वेळा अट जोडलेली असते, मागील थकबाकी निरंक हवी. शंभर रुपयांच्या सुटीसाठी माणूस सात हजारांची थकबाकी भरून जातो, हे मी सौर बंबाच्या वेळी डोळ्यांनी पाहिलंय. एका गृहस्थांनी चार वर्षांची बाकी भरली, पावती घेतली, सुटीचे चौऱ्याऐंशी रुपये वजा झालेले बघून खूश होऊन गेले. आमच्या साहेबांनी संध्याकाळी सगळ्यांना भजी मागवली. वसुलीच्या टक्केवारीवर साहेबाचं नाक वर-खाली होत असतं, त्यामुळे सूट म्हणजे बुडालेला कर असं कर विभागात कुणी मानत नाही. ते गळाला लावलेलं आमिष.

आणि तीन, राज्य सरकारचं माझी वसुंधरा अभियान. २०२० पासून चालू आहे. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश असे पाच गट करून पालिका-ग्रामपंचायतींना गुण देतात. सौर दिवे, एलईडी, चार्जिंगची सोय हे अग्नीत. वरचा क्रमांक आला की बक्षिसाची रक्कम येते, ती दोन हजारांपुढे फार मोठी. मार्च जवळ आला की असे ठराव आंब्याच्या मोहरासारखे फुटतात.

पेण ते पणजी

काका, दंडवत. पण उलट बाजूही तुम्हीच सांगा. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना अनुदानासाठी अट घातली होती ना, मालमत्ता कराचा किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या सकल उत्पादनवाढीच्या गतीने वाढवा. मग सूट कशी परवडते?

निवृत्त वसुली लिपिक

म्हणूनच पाच टक्के! पन्नास का नाही, याचं उत्तर तुम्हीच दिलंत. वरून एक खातं सांगतं सूट द्या, दुसरं खातं सांगतं वसुली वाढवा. मधला मुख्याधिकारी अशी सूट काढतो की कागदावर दिसेल आणि हिशेबात दिसणार नाही. त्याला नावं ठेवू नका, कसरत असते ती.

वायरमन भाऊ

धागाकर्त्यांच्या सॉकेटबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मध्ये पडतो. गाडीसोबत येणारा छोटा चार्जर तीन किलोवॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे तेरा-चौदा अँपिअर, ते पण सलग आठ-दहा तास. मिक्सर पाच मिनिटं चालतो, गीझर वीस मिनिटं. जुन्या घरात सॉकेटला दीड एमएमची वायर असते, त्यात आमच्याकडची खारी हवा. पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, पकड सैल होते आणि सैल जागी तापतं. तुमची प्लेट फुगली ती यामुळेच. गाडीचा दोष नाही.

मेन बोर्डातून वेगळी चार एमएमची लाइन घ्या, वेगळा एमसीबी, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं इंडस्ट्रियल सॉकेट. मंजूर भार बघा, कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग. कातळावरच्या घरांना अर्थिंग म्हणजे डोकेदुखी. जांभ्यात खड्डा मारायचा, कोळसा-मीठ भरायचं, एप्रिल-मेमध्ये पाणी ओतत राहायचं. नुसता पाइप ठोकून ठेवला तर बऱ्याच गाड्या चार्जिंगच घेत नाहीत, लाल दिवा दाखवतात. मग लोक मला फोन करून म्हणतात गाडी बिघडली.

पालिकेला सूट द्यायची तर अर्थिंग तपासून द्यावी. तेवढं केलं तर पंच्याण्णव रुपयांचं सोनं होईल.

अबोली

भाऊ, हे कात्रण करून ठेवते. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला बहिणीच्या घरात तळमजल्यावरचा मीटर बोर्ड पाण्याखाली गेला होता. नदीकाठच्या गावात चार्जर किती उंचीवर लावायचा हे कुठल्या ठरावात असतं का?

वायरमन भाऊ

ठरावात नसतं. पुराची खूण भिंतीवर असतेच, तिच्या वर हातभर लावा.

पेण ते पणजी

मूळ प्रश्नाकडे. "हवा स्वच्छ आहे मग कशाला" हे अर्धंच खरं. लोटे, महाड, रोहा इथल्या एमआयडीसीजवळ राहणाऱ्याला विचारा हवा कशी आहे. पण ती गाड्यांनी खराब केलेली नाही, म्हणून विजेच्या स्कूटरने सुधारणारही नाही. आणि महामार्गाची धूळ तर इंजिन कुठलंही असो, उडतेच.

बाहेर बघितलं तरी सवलतीचं खरं कारण क्वचितच हवा असतं. नॉर्वेने १९९० मध्ये खरेदीवरचा कर माफ केला तेव्हा त्यांना आपल्या देशात विजेच्या छोट्या गाड्या बनवणारा धंदा उभा करायचा होता. धंदा काही टिकला नाही, सवलती टिकल्या. १९९७ मध्ये टोल माफ, २००१ मध्ये व्हॅट माफ. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या कारमधल्या जवळजवळ नऊ विजेच्या. पण हात आखडायलाही सुरुवात झाली, २०२३ मध्ये पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर व्हॅट पुन्हा लावला.

चीनमधलं शेंझेन घ्या. २०१७ अखेर शहराच्या सोळा हजारांवर बसगाड्या विजेच्या. विजेच्या बस बनवणारी बीवायडी त्याच शहरातली कंपनी. शहराने गिऱ्हाईक व्हायचं, कंपनीने नोकऱ्या द्यायच्या. शांघायमध्ये तर पेट्रोल गाडीची नंबरप्लेट लिलावात घ्यावी लागते, विजेच्या गाडीला फुकट दिली. तिजोरीतून एक पैसा न काढता सवलत!

तमिळनाडूने कर माफ केला, होसूर-कृष्णगिरीचे कारखाने बघा. आपल्याकडे चाकण. आता सांगा, गुहागरात किंवा देवगडात कुठला कारखाना आहे?

कुडाळचो रिक्षावालो

कारखानो नाय, पण शेजारी गोवा असा. तिकडे काय झाला तर आमच्याकडे दोन वर्षांनी ठराव येता. हॉटेलवाल्यांका भीती वेगळी. ह्यो गाडी घेवन येणारो पावणो चार्जर नाय दिसलो तर मालवणात रवाचो नाय, सरळ पणजेक जातलो. माझ्या रिक्षेत बसणारो पावणो मोबायलात चार्जर शोधूनच हॉटेल ठरयता, मी बघलंय. म्हणान हॉटेलवाले नगरसेवकाच्या मागे लागतत. हवाबिवा काय नाय.

खाडीकाठचा

हे मात्र पटलं. त्या पुणेकरांनी जाताना चांगल्या शब्दांत सांगितलं, "काका, पुढच्या वेळी चार्जर असेल तरच येऊ." सोलकढीचं कौतुक केलं, पण चार्जर नाही तर सोलकढीही नाही.

पेण ते पणजी

शेजाऱ्याची भीती राज्यांनाही असते. तेलंगणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २०२६ अखेरपर्यंत पूर्ण माफी जाहीर केली. महाराष्ट्राने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना सहा टक्के कर सुचवला आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी मागे घेतला. अबोलीताईंचा "कोणाला" हा प्रश्न इथे खरा बोचतो. तीस लाखांची गाडी घेणारा सहा टक्क्यांनी मरत नव्हता.

टोलचंही तसंच. अटल सेतू, समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती इथे विजेच्या कारला टोल माफ. अलिबागला शनिवार-रविवार जाणाऱ्या मुंबईकराला फायदा. आमचा ६६ क्रमांकाचा मुंबई-गोवा महामार्ग या यादीत नाही. आधी रस्ता तर पुरा होऊ दे म्हणा.

अबोली

मग राज्य इतकं का सोडतं? पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे घेतं ना? माझ्या स्कूटरमुळे तेही गेलं.

पेण ते पणजी

गेलं. राज्य दोन्हीकडून सोडतं, त्या बदल्यात कारखान्यांची गुंतवणूक आणि नोकऱ्या येतील हा हिशेब. म्हणूनच मुदत घालतात, २०२५ पर्यंत, २०३० पर्यंत. संख्या वाढली की माफी महाग होत जाते. पालिकेला मात्र पेट्रोलच्या व्हॅटमधलं काही थेट मिळत नाही. जकात कधीच गेली. तुमच्या गावातल्या सगळ्या गाड्या उद्या विजेवर गेल्या तरी नगरपंचायतीच्या जमेच्या बाजूला एक रुपयाही कमी होत नाही. उलट घंटागाडी विजेची घेतली तर डिझेलचं बिल वाचतं. म्हणजे ज्याचं जात नाही तो सूट देतो शंभराची, आणि ज्याचं खरं जातं तो देतो ११ हजारांची, पण त्याचा ठराव तुमच्या गावात होत नाही म्हणून चर्चा होत नाही.

कुडाळचो रिक्षावालो

मी पण हिशेब केलंय हां. विजेची रिक्षा घेतलंय तर दिवसाक साडेतीनशे-चारशेचा पेट्रोल वाचता. पण कर्जाचो हप्तो दिसता तेवा छातीत धडधडता. झिल म्हणता बाबा घेवया. सावंतवाडीसून आंबोलीक भाडा गावला तर घाटात बॅटरी कशी उतारता ती बघून सांगतंय. उतारताना परत भरता म्हणतत.

वायरमन भाऊ

भरते, पण चढताना गेलेली सगळी नाही. घाटाच्या भाड्याला जुनीच ठेवा, गावातल्या गावात विजेची.

निवृत्त वसुली लिपिक

धागाकर्ते, एक राहिलं. सुटीसाठी अर्ज केलात तर पडताळणीला कर निरीक्षक येतो. चार्जर खरंच बसवलाय का, आवारातच आहे का, फोटो काढतो. आणि आलाच आहे तर टेप घेऊन घराभोवती एक फेरी मारतो. पत्र्याची शेड, वाढवलेला ओटा, भाड्याने दिलेल्या खोल्या, सगळं नोंदवतो. बिगरनिवासी दर काय आहे ते विचारून ठेवा. तुमच्यासारखे वीस अर्ज आले की वीस घरांची फेरतपासणी फुकटात होते. पालिकेला हे का सुचतं म्हणून विचारत होतात ना?

खाडीकाठचा

काका, तुम्ही निवृत्त झालात ते बरं झालं.

सगळ्यांचे आभार. वायरमन भाऊंनी सांगितल्याप्रमाणे चार एमएमची वायर आणि इंडस्ट्रियल सॉकेट आणलंय, अर्थिंगचा खड्डा मारायला उद्या माणूस येतोय, कोळसा शेजाऱ्याकडून मिळाला. आंब्याच्या बाजूला लावतो, म्हणजे रस्त्यावरून दिसणार नाही. अर्ज मात्र करणार नाही.

निवृत्त वसुली लिपिक

शहाणे आहात. पण दर चार वर्षांनी होणारी चतुर्थ वार्षिक फेरआकारणी जवळ आली असेल बघा.